हृदय चालू होतं, मग माणूस गेला कसा? ब्रेन डेथ आणि अवयवदान, सोप्या भाषेत

परवा आत्याने पेपरातली बातमी वाचून दाखवली. अपघात झाला, डॉक्टरांनी ब्रेन डेड म्हणून सांगितलं, घरच्यांनी अवयव दिले आणि चार जणांना नवीन आयुष्य मिळालं, अशी नेहमीची बातमी. आपण "किती मोठं मन" म्हणतो आणि पान उलटतो. आत्याने उलटलं नाही. चष्मा वर करून म्हणाली, "अरे पण यात लिहिलंय हृदय धडधडत होतं म्हणून दुसऱ्याला बसवता आलं. धडधडत होतं तर तो मेला कसा? जिवंत माणसाचंच काढतात की काय?"

प्रश्न एकदम रास्त आहे आणि खरं सांगायचं तर अवयवदानाबद्दलच्या निम्म्या शंका या एकाच प्रश्नाच्या पोटात आहेत. लोक मनाने कोते असतात म्हणून नाही म्हणतात असं मला नाही वाटत. समोर आपलं माणूस आहे, छाती वरखाली होतेय, हात हातात घेतला तर गरम लागतोय, आणि कोणीतरी येऊन सांगतं की ते गेले. कसं पटणार? त्यामुळे या लेखात निम्मा वेळ मी इथेच घालवणार आहे, बाकीचं पटापट उरकू.

हृदय कोणाच्या हुकमाने चालतं?

शाळेत आपण शिकलो की मेंदू सगळ्या शरीराचा राजा. हृदयाच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो, तो स्वतःच ठराविक अंतराने विजेचा बारीक झटका देत राहतो आणि त्यावर हृदय आकुंचन पावतं. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो, म्हणजे घाबरलात की वाढव, झोपलात की कमी कर. म्हणूनच तर एका शरीरातून काढलेलं हृदय, सगळ्या नसा तुटलेल्या असताना, दुसऱ्या शरीरात जाऊन पुन्हा चालू होतं. त्याला चालायला मेंदू लागत नाही, ऑक्सिजन लागतो.

श्वासाचं तसं नाही. श्वास घ्यायचा हुकूम येतो मेंदूच्या खालच्या देठासारख्या भागातून, त्याला ब्रेनस्टेम म्हणतात. तो गेला की श्वास थांबतो, ऑक्सिजन संपतो आणि काही मिनिटांत हृदय पण थांबतं. हजारो वर्षं हे सगळं एकापाठोपाठ इतकं झटपट व्हायचं की मेंदू गेला, श्वास गेला, हृदय थांबलं यातलं नेमकं मरण कुठलं, हे विचारायची गरजच पडली नाही.

गरज पडली ती व्हेंटिलेटरमुळे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, पेशंटना श्वास घेता येईना, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने पेशंटच्या श्वासनलिकेला भोक पाडून नळी बसवली आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलायची युक्ती काढली. मशीन पुरेशी नव्हती म्हणून जवळजवळ १५०० विद्यार्थी पाळी लावून रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून झाली असं मानतात. मग मशीन आली, असंख्य लोक वाचले, पण त्याच मशीनमुळे असे काही पेशंट दिसायला लागले जे आधी कधी दिसलेच नव्हते: मेंदू पूर्ण संपलेला, आणि बाहेरून हवा मिळतेय म्हणून हृदय चालू.

आत्याला मी इन्व्हर्टरचं उदाहरण दिलं. लाइट गेलीय, इन्व्हर्टरवर पंखा फिरतोय, पंखा फिरतोय म्हणून कोणी लाइट आली म्हणतं का? आणि इन्व्हर्टर तरी किती वेळ पुरणार. ब्रेन डेथनंतर रक्तदाब, तापमान, शरीरातलं मीठ-पाणी सगळंच बिघडत जातं, कारण त्याचे कंट्रोल पण मेंदूतच असतात, आणि व्हेंटिलेटर चालू ठेवूनसुद्धा बहुतेक वेळा काही तासांत किंवा काही दिवसांत हृदय पण थांबतंच. क्वचित जास्त काळही टिकवता येतं, पण त्याने मेंदू परत येत नाही.

"पण कोमातून लोक उठतात की!"

उठतात. अगदी खरं आहे. पण कोमा आणि ब्रेन डेथ यांची गल्लत करू नका, सगळा गोंधळ तिथे होतो.

पाय मुरगळला की सुजतो, सूज बाहेरच्या बाजूला वाढते, चप्पल चढत नाही एवढंच. मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात आहे. जबर मार लागला, रक्तस्राव झाला, मेंदू सुजला तर त्या सुजेला जायला जागाच नाही. आतला दाब वाढत जातो, वाढत जातो आणि एका क्षणी तो रक्तदाबापेक्षा जास्त होतो. म्हणजे हृदय खालून रक्त ढकलतंय पण डब्यात ते शिरूच शकत नाही. रक्त नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, आणि मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरायला लागतात. मेलेली पेशी परत जिवंत होत नाही.

कोमात मेंदू जखमी असतो, गाढ बेशुद्ध असतो, पण रक्त मिळत असतं, ब्रेनस्टेम कमी-जास्त काम करत असतो, अनेकदा पेशंट स्वतः श्वास पण घेत असतो. त्यातून काही जण बरे होतात, काही होत नाहीत. ब्रेन डेथमध्ये बरं व्हायला काही उरलेलंच नसतं. नियमाप्रमाणे सगळ्या तपासण्या होऊन ब्रेन डेड ठरलेला माणूस शुद्धीवर आलेला नाही. कोमात वर्षभर राहून उठला वगैरे ज्या गोष्टी फिरतात, त्यातला माणूस ब्रेन डेड नसतोच.

मग ठरवतात कसं, अंदाजाने?

नाही हो. आधी तर तपासायची घाईच करत नाहीत. मेंदू कशाने बिघडला ते कारण स्कॅनमध्ये नक्की दिसलं पाहिजे. अंग गार पडलेलं नाही ना, झोपेची किंवा भुलीची औषधं अजून रक्तात नाहीत ना, साखर-क्षार खूप बिघडलेले नाहीत ना, हे सगळं बघावं लागतं, कारण या गोष्टींमुळे जिवंत मेंदूसुद्धा मेल्यासारखा वागू शकतो.

मग एकेक तपासणी. बुबुळावर टॉर्च मारतात, बाहुली आकसत नाही. कापसाचं टोक डोळ्याला लावतात, पापणी लवत नाही. कानात बर्फाचं गार पाणी सोडतात, जिवंत मेंदू असेल तर डोळे हलतात, इथे हलत नाहीत. घशाच्या आत नळी फिरवतात, ना उबळ ना खोकला.

आणि शेवटची, ॲप्निया टेस्ट. ही नीट समजून घ्या कारण माझ्या मते सगळ्यात पटणारी हीच आहे. तुम्ही आत्ता श्वास रोखून धरा. थोड्या वेळाने जीव कासावीस होतो ना? तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही होत, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून होतो. ब्रेनस्टेमला तो कळतो आणि तो जबरदस्तीने श्वास घ्यायला लावतो. तुम्ही कितीही ठरवलं तरी श्वास रोखून जीव देऊ शकत नाही ते यामुळेच. तर पेशंटला आधी भरपूर ऑक्सिजन देऊन घेतात, मग व्हेंटिलेटर काढतात, श्वासनलिकेत नुसता ऑक्सिजन सोडून ठेवतात, छाती-पोटावरची चादर बाजूला करतात आणि बघत उभे राहतात. आठ मिनिटं, दहा मिनिटं. मॉनिटरची टिकटिक सोडली तर खोलीत आवाज नसतो, कारण भाता बंद असतो. रक्त काढून मोजतात, कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर गेलेला असतो, जिथे कुठलाही जिवंत ब्रेनस्टेम अक्षरशः किंचाळला असता, आणि छाती एकदाही उचलली जात नाही. श्वासाची साधी हालचाल जरी दिसली तरी टेस्ट तिथेच थांबते, तो माणूस ब्रेन डेड नाही.

अनेक देशांत हे सगळं काही तासांनी पुन्हा करतात, वेगवेगळे डॉक्टर सह्या करतात. आणि मृत्यूची वेळ कागदावर लिहिली जाते ती तपासण्या पूर्ण झाल्याची. हृदय नंतर थांबतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती बघून भलेभले हादरतात. ब्रेन डेड माणसाचा हात कधीकधी हलतो. क्वचित दोन्ही हात छातीपर्यंत उचलले जातात, त्याला डॉक्टरी भाषेत लॅझारस साइन म्हणतात. ही हालचाल पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूची असते, गुडघ्याखाली ठोकलं की पाय उडतो तशी, मेंदूचा त्यात काही संबंध नाही. पण नातेवाईकांना हे कोणी आधी सांगितलं नसेल तर त्यांना काय वाटत असेल, विचार करा.

"ही व्याख्याच अवयव काढायला शोधलीय"

हा आक्षेप फालतू नाही. १९६७ च्या डिसेंबरात केप टाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्डने पहिलं मानवी हृदय बसवलं आणि पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, हार्वर्डच्या समितीने ब्रेन डेथचे निकष जाहीर केले. तारखा बघून कोणालाही संशय येईल, आणि समितीच्या अहवालात अवयव मिळण्यातल्या अडचणींचा उल्लेख आहे हे पण खरं आहे. लपवायचं कशाला.

पण ही अवस्था डॉक्टरांना त्याच्या आधीपासून माहीत होती. १९५९ सालीच मोलारे आणि गूलों या दोन फ्रेंच डॉक्टरांनी "कोमाच्याही पलीकडची" अवस्था म्हणून तिचं वर्णन लिहून ठेवलं होतं, तेव्हा हृदय बसवणं ही नुसती कल्पना होती. आणि उद्या अवयवदान जगातून बंद झालं तरी आयसीयूत हा प्रश्न येणारच, की मेंदू संपलेल्या माणसाला मशीन किती दिवस लावून ठेवायचं.

यातूनच दुसरी भीती येते, की अवयवदानाच्या कार्डावर सही केली तर डॉक्टर आपल्याला वाचवायचा नीट प्रयत्न करणार नाहीत. म्हणूनच नियम असा की मृत्यू ठरवणारे डॉक्टर आणि अवयव काढणारे-बसवणारे डॉक्टर वेगळे असले पाहिजेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे स्पष्ट आहे. आणि थोडा व्यवहारी विचार करा, अवयव चांगले राहायला रक्तदाब, ऑक्सिजन, सगळं शेवटपर्यंत उत्तम ठेवावं लागतं. हलगर्जीपणा केला तर अवयव पण जातात.

पुढे घड्याळाशी शर्यत

होकार मिळाला की चक्रं फिरायला लागतात. शरीरातून काढलेला अवयव म्हणजे चार्जर काढलेला मोबाइल समजा, आत आहे तेवढ्यावरच चालणार. बर्फात ठेवतात ते बॅटरी सेव्हर मोडवर टाकण्यासारखं, पेशींची भूक कमी होते, बॅटरी जास्त पुरते एवढंच. हृदयाला साधारण चार तास, फुफ्फुसाला सहा, लिव्हरला बारा, किडनीला चोवीस किंवा थोडे जास्त. म्हणून हृदयासाठी रस्ते मोकळे करतात, विमानं थांबवतात. आता काही ठिकाणी अवयवातून सतत द्रव फिरवत ठेवणारी मशीन पण आली आहेत, त्याने वेळ वाढतो.

एका डोनरमुळे आठ जण वाचू शकतात असं पोस्टरवर असतं. हिशेब बरोबर आहे: हृदय, दोन फुफ्फुसं, लिव्हर, दोन किडन्या, स्वादुपिंड, आतडं. पण प्रत्यक्षात सगळेच अवयव चांगल्या स्थितीत नसतात, त्यामुळे बहुतेक वेळा दोन, तीन, चार एवढेच वापरले जातात. पोस्टरवाल्यांनी आकडा थोडा कमी लिहिला तरी काय बिघडलं असतं, मला वाटतं लोकांचा विश्वास वाढलाच असता.

ज्याला किडनी मिळते त्याचं काय बदलतं? डायलिसिस म्हणजे साधारण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनला जोडून बसायचं, पाणीसुद्धा मोजून प्यायचं, आणि एवढं करून चांगल्या किडनीच्या कामाचा छोटा भागच भरून निघतो. ऑपरेशनमध्ये किडनी जोडतात तेव्हा ती राखाडी, मऊ, निर्जीव दिसते. रक्तवाहिनीवरचा चिमटा सोडला की काही सेकंदांत ती गुलाबी होते, टणक होते, आणि अनेकदा तिथेच टेबलावर लघवीचा पहिला थेंब बाहेर पडतो. ज्याला महिनोन् महिने लघवी झालेली नाही त्याच्या घरी त्या थेंबाची बातमी कशी जात असेल!

शरीराचे वॉचमन

आता यातली खरी अडचण. आपल्या प्रतिकारशक्तीला आपलं-परकं अचूक कळतं, नवीन किडनी जीव वाचवायला आलीय हे तिला कोण सांगणार, ती चोर समजून हल्ला करते. याला रिजेक्शन म्हणतात. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावाची, हुबेहूब जुळा असल्यामुळे वॉचमनला फरकच कळला नाही. पण प्रत्येकाला जुळा भाऊ कुठून आणायचा? केप टाऊनच्या त्या पहिल्या हृदयाच्या पेशंटला, लुई वॉशकान्स्कीला, रिजेक्शन रोखायला वॉचमनला एवढं गुंगीत टाकावं लागलं की तो न्यूमोनियाने १८ दिवसांत गेला, हृदय शेवटपर्यंत ठीक चालत होतं.

उत्तर मिळालं मातीत. सँडोझ या स्विस औषध कंपनीत पद्धत होती की कर्मचारी सुट्टीवर गेले की तिथली माती पिशवीत भरून आणायची, त्यातून औषधं शोधायला. नॉर्वेच्या पठारावरून १९६९ मध्ये आलेल्या अशा मातीत एक बुरशी होती, तिच्यातून सायक्लोस्पोरिन निघालं. ते वॉचमनला झोपवत नाही, फक्त मवाळ करतं. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि त्यानंतर ट्रान्सप्लांट खऱ्या अर्थाने सुरू झालं म्हणा ना. गोळ्या मात्र जन्मभर, वेळच्या वेळी. आणि बसवलेली किडनी पण कायमची नसते, बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांनी थकते.

बाकीच्या शंका, भराभर

"शरीराची विटंबना होते." रीतसर ऑपरेशन असतं, टाके घालून देह परत देतात, कपडे घातल्यावर काही दिसत नाही.

"श्रीमंतांनाच मिळतं." यादी रक्तगट, शरीराचा आकार, जुळणी, किती निकड आहे, किती दिवस वाट बघतोय, अंतर किती, यावर चालते. काळा बाजार जगात नाही असं मी म्हणणार नाही, आहेच, २००८ चा इस्तंबूल जाहीरनामा त्याच्याविरुद्धच आहे. पण तो बाजार मुख्यतः जिवंत गरीब माणसाच्या किडनीचा असतो, आणि मरणोत्तर दान जेवढं कमी तेवढा तो फोफावतो.

"माझं वय झालं, शुगर आहे." ते डॉक्टरांना त्या वेळी ठरवू द्या, आपणच स्वतःला नापास करू नका. पसरलेला कॅन्सर किंवा गंभीर संसर्ग असेल तर नाही म्हणतात, नुसत्या वयाने नाही.

कार्ड भरलंय, मग झालं ना?

इथे लोक फसतात. ब्रेन डेथ मुळातच दुर्मिळ, शंभर मृत्यूंत एखादाच अशा स्थितीत होतो की मोठे अवयव देता येतील. २०२३ मध्ये जगभरात १ लाख ७० हजारांहून जास्त ट्रान्सप्लांट झाले आणि तरी ते गरजेच्या १० टक्क्यांपेक्षा कमीच आहेत असा अंदाज आहे. त्यात तो एखादा प्रसंग आला की आयसीयूच्या बाहेर उभं राहून उत्तर द्यायचं असतं घरच्यांनी, कार्डाने नाही. बहुतेक देशांत कार्ड असलं तरी घरच्यांना विचारतातच.

स्पेनचं उदाहरण सगळे देतात आणि बरेचदा चुकीचं देतात. तिथे १९७९ पासून कायदा आहे की नकार नोंदवला नसेल तर होकार धरायचा. पण त्या कायद्याने दहा वर्षांत फार काही घडलं नाही. १९८९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संस्था उभी केली आणि हॉस्पिटलांमध्ये कोऑर्डिनेटर नेमले, बहुतेक आयसीयूचेच डॉक्टर, ज्यांना अशा घरच्यांशी कसं बोलायचं, किती वेळ नुसतं गप्प बसायचं हे शिकवलेलं असतं. आणि कायदा काही म्हणो, ते घरच्यांना विचारतातच. तेव्हा दहा लाख लोकांमागे १४ डोनर होते, २०२३ मध्ये ४८ च्या वर गेले.

केप टाऊनच्या गोष्टीत पण हेच आहे. डोनर होती २५ वर्षांची डेनिस डार्वल. त्या दिवशी गाडीने उडवलं तिला आणि तिच्या आईला, आई जागीच गेली, आणि त्याच संध्याकाळी बापाला मुलीच्या हृदयाबद्दल विचारलं. तो काही मिनिटं विचार करून हो म्हणाला. वर्णभेदाच्या त्या काळात तिची एक किडनी दहा वर्षांच्या एका गौरेतर मुलाला दिली गेली, त्यावरूनही वाद झाला. सगळे बर्नार्डचं नाव लक्षात ठेवतात, मला तो बाप आठवतो.

हे सगळं ऐकून आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी घरी झोपेत गेले तर माझं काहीच उपयोगाचं नाही?" म्हटलं डोळ्यांचा कॉर्निया चालतो, समोरचा पारदर्शक पडदा, त्याला ब्रेन डेथ लागत नाही, घरी मृत्यू झाला तरी साधारण सहा तासांत घेता येतो. त्यात रक्तवाहिन्याच नसतात म्हणून वॉचमनचाही त्रास कमी, १९०५ मध्येच एदुआर्द झिर्म नावाच्या डॉक्टरने तो यशस्वी बसवून दाखवला होता.

"पण माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय."

"चालतं. त्यात आतलं भिंग बदलतात, हा बाहेरचा भाग आहे."

"चष्मा?"

"चालतो."

तिने फोन शोधला, मुलाला लावला आणि तो हॅलो म्हणायच्या आत सुरू झाली, "हे बघ, मी मरायला अजून वेळ आहे, पण एक सांगून ठेवते."